हळद, पाटल्या आणि पेटंट

१९९७ सालचा सप्टेंबर असावा. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी बँकेचा शाखाधिकारी होतो. सकाळी साडेदहाला शटर वर गेले की पहिल्या पाच मिनिटांत आत येणाऱ्यांमध्ये एक गृहस्थ हमखास असत. गाव त्यांना मिस्त्री म्हणे. स्टँडमागे त्यांचे लेथचे वर्कशॉप होते. त्या दिवशी ते आले ते वर्तमानपत्राची घडी घेऊनच. ती माझ्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, "साहेब, वाचलंत का? अमेरिकेत हळदीचं पेटंट रद्द झालं. आपली हळद जिंकली बघा. आता आमच्या हळदीच्या पेटंटवर कर्ज द्यायला काय हरकत आहे?"

मिस्त्रींनी हळद शिजवायचे यंत्र केले होते. आमच्या त्या भागात हळद शिजवायची म्हणजे शेतातच चूल खणायची, तिच्यावर लोखंडी काहील चढवायची, पाण्यात कंद सोडायचे, वर हळदीचाच पाला झाकायचा आणि जाळ घालत बसायचे. तळाचे कंद गाळ होतात, वरचे कच्चे राहतात, आणि ती तफावत पुढे सौद्यात रंगावरून बरोबर पकडली जाते. मिस्त्रींनी पाणी बाजूच्या बॉयलरमध्ये ठेवले, कंद भोके पाडलेल्या दुहेरी तळाच्या ड्रममध्ये भरले, आणि पाइपातून नुसती वाफ त्यात सोडली. सगळा सरंजाम चाकांवर. ट्रॅक्टरला जोडावा आणि या शेतातून त्या शेतात न्यावा. मुंबईच्या एका एजंटामार्फत त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता आणि त्या अर्जाची पोच, तिच्यावरच्या क्रमांकासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते खिशात बाळगीत. त्यांना दीड लाख हवे होते.

मी काय उत्तर दिले ते पुढे सांगतो. आधी ते अमेरिकेतले प्रकरण, कारण त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी ते होते आणि बहुतेकांच्या तोंडी ते चुकीचे होते.

अमेरिकेने 'हळदीचे' पेटंट कधीच दिले नव्हते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जे पेटंट मिळाले ते जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याच्या पद्धतीचे. संशोधक दोघे, आणि दोघेही मूळचे भारतीयच. शिवाय पेटंट ज्या देशाने दिले त्याच देशात चालते. त्यामुळे सांगलीत कुणी बोट कापल्यावर हळद दाबली म्हणून अमेरिकेतून नोटीस येणार नव्हती. पण प्रश्न नोटिशीचा नव्हताच. जी गोष्ट आपल्या आज्या न विचारता करीत आल्या, ती कुणी नव्याने शोधून काढली असे सरकारी शिक्क्याने जाहीर व्हावे, हे खुपणारे होते. शास्त्रीय आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते मनावर घेतले. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात अत्यंत हलाखीत वाढलेले. हळद कशी लावतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

पण लागले ते पुस्तकच! अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करतात एवढ्याने भागत नसे; ती कुठे तरी छापलेली असावी लागे. 'आमची आजी लावायची' हा पुरावा नव्हे. म्हणून परिषदेच्या माणसांनी संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ धुंडाळले, १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातला एक लेख शोधून काढला आणि असे बत्तीस संदर्भ अमेरिकेच्या पेटंट कचेरीपुढे ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून अशा पारंपरिक माहितीचा संगणकीय संग्रहच सरकारने सुरू केला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले योग परदेशी तपासनिसांना वाचता येतील अशा भाषांत मांडलेले आहेत. मला या प्रकरणात सर्वांत ओळखीची वाटली ती कागदाची मागणी. आमच्या बँकेतही शेत कुणाचे हे गावाला ठाऊक असले तरी सातबारा लागतोच.

पेटंट म्हणजे मुळात असा एक व्यवहार आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती सगळी उघड लिहून द्यायची. त्याच्या बदल्यात सरकार काही वर्षे इतरांना ती वापरायला मज्जाव करणार. मुदत संपली की युक्ती सर्वांची. गुपित ठेवायचे तर पेटंट नाही, आणि पेटंट हवे तर गुपित नाही. आपल्याकडे ही व्यवस्था १८५६ च्या कायद्याने आली. त्याखालचा पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या गृहस्थांनी केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. त्या काळी साहेबाच्या डोक्यावर छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि व्हरांड्यात बसून एक माणूस त्याची दोरी ओढी. त्या माणसाचे श्रम वाचवण्याचे, किंवा खरे तर त्याची डुलकी चुकवण्याचे, हे यंत्र. हिंदुस्थानातला पहिला पेटंट अर्ज वाऱ्यासाठी असावा हे आपल्या हवेला साजेसेच झाले.

पण पंखा खऱ्या अर्थाने माणसाच्या हातून सुटला तो विजेच्या मोटरने. आणि या मोटरची कुळकथा मी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचायला लावली असती.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात टॉमस डेव्हनपोर्ट नावाचा एक लोहार होता. शाळा बेताचीच. १८३३ साली त्याने ऐकले की पलीकडच्या क्राउन पॉइंटच्या लोखंडाच्या कारखान्यात एक चुंबक आणले आहे, तारेतून वीज सोडली की ते मणामणाचा ऐरण उचलते आणि तार काढली की सोडते. तो बघायला गेला आणि खुळावला. ते चुंबक विकत घ्यायला पैसे नव्हते तेव्हा भावाचा घोडा विकला. घरी आणल्यावर त्याने चुंबक उलगडायला घेतले. तो एकेक वेढा सोडी आणि त्याची बायको एमिली प्रत्येक वेढा कसा होता हे कागदावर टिपून ठेवी. नवे चुंबक गुंडाळताना तारेला तार चिकटू नये म्हणून मध्ये रेशीम हवे होते. घरात रेशीम एकच होते, एमिलीच्या लग्नाच्या पोशाखाचे. तिने तो फाडून त्याच्या पट्ट्या केल्या.

त्या पट्ट्यांच्या जोरावर त्यांनी विजेवर गरगर फिरणारे चाक केले. पेटंट काढायला डेव्हनपोर्ट वॉशिंग्टनला निघाला, तर वाटेतच पैसे संपले. दुसऱ्या खेपेस नमुना कचेरीत पोचला, तर १८३६ च्या डिसेंबरात त्या कचेरीलाच आग लागली आणि नमुना जळाला. तिसरा नमुना करून अखेर २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्याला पेटंट मिळाले; क्रमांक १३२. विजेच्या मोटरचे अमेरिकेतले पहिले पेटंट. त्याने त्या मोटरवर छोटा छापखाना चालवून दाखवला, रुळावर खेळण्यातली गाडी फिरवली. कुणी पैसे गुंतवले नाहीत, आणि त्यात फार चूकही नव्हती. तेव्हा वीज मिळे ती बॅटरीतून, आणि बॅटरीतले जस्त जळे ते वाफेच्या इंजिनातल्या कोळशाच्या कितीतरी पट महाग पडे. जनित्रे यायला अजून कैक वर्षे होती. पेटंट खरे होते, मोटर खरी होती, फक्त तिला पाजायचे पाणी जगात अजून नव्हते. डेव्हनपोर्टचे दिवाळे निघाले. १८५१ मध्ये, पन्नाशी गाठायच्या आतच, तो वारला.

आज आपल्या विहिरीवर, गिरणीत, मिस्त्रींच्या लेथला जी मोटर असते ती त्याच्या मोटरची वंशज असली तरी घराणे वेगळे. ते घराणे निकोला टेस्लाचे. १ मे १८८८ रोजी त्याला उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे एसीवर, चालणाऱ्या मोटरची पेटंटे मिळाली. युक्ती अशी. स्थिर भागावर तारांची वेगवेगळी वेटोळी बसवायची आणि त्यांतून वीज एकाच क्षणी नव्हे, तर एकामागून एक अशा लयीत सोडायची. म्हणजे चुंबकाचे बळ जागच्या जागी गोल फिरू लागते, देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तसे. मधला फिरता भाग त्याच्यामागे ओढला जातो. फिरत्या भागाला बाहेरून वीज द्यायला नको, म्हणून कार्बनचे ब्रश नकोत, ठिणग्या नकोत. वर्षानुवर्षे चिखलापाण्यात अशी मोटर चालते ती म्हणूनच, आणि जळते ती बहुधा एखादा फेज गेल्यावरच. रिवाइंडिंगच्या दुकानापुढे शेतकऱ्यांची रांग बघितली असेल त्याला हे निराळे सांगायला नको.

याच फिरत्या चुंबकाची कल्पना इटलीत तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकाला १८८५ मध्येच सुचली होती. त्याने ती करूनही पाहिली, हिशेब मांडला, अशी मोटर निम्म्याहून जास्त ताकद द्यायची नाही, तेव्हा धंद्याच्या कामाची नाही असा निष्कर्ष काढला, आणि १८८८ च्या वसंतात निबंध छापून मोकळा झाला. पेटंट नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउस या धूर्त उद्योगपतीने दोघांचेही हक्क घेऊन टाकले. फेरारिसला दिले एक हजार डॉलर. टेस्लाच्या करारात मात्र रोख रकमेखेरीज दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर लिहिलेले होते! तो करार तसाच राहता तर टेस्ला कुबेर झाला असता. कंपनी अडचणीत आल्यावर त्याने हक्क एकरकमी देऊन टाकले, आणि १९४३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या खोलीत तो एकटाच गेला. घराघरांत आता जे वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे आले आहेत, पंचाहत्तर वॉटच्या जागी तीसच्या आतबाहेर खाणारे, त्यांच्यावरही पेटंटांची बरीच भाऊगर्दी आहे.

आपला माणूस म्हणाल तर शंकर आबाजी भिसे. १८६७ सालचा मुंबईचा जन्म. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये त्यांच्यासाठी खटपट केली, सर रतन टाटांनी पैसा घातला. छापखान्याचे खिळे झपाट्याने पाडणारे त्यांचे 'भिसोटाइप' यंत्र इंग्रज कारखानदारांना पुरून उरले असते, पण भांडवलाच्या खोड्यात अडकले. दोनशेच्या आसपास शोध, चाळीसेक पेटंटे, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू. पुण्यामुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता शोधून पाहावा.

यंत्राचे पेटंट समजायला सोपे. जिवंत वस्तूचे काय? हा प्रश्न ज्याच्यामुळे आला तोही आपल्याकडचाच, बंगालातल्या बीरभूमचा आनंद मोहन चक्रवर्ती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तो नोकरीला होता. मातीत असे जिवाणू असतात की जे खनिज तेलाचा एखादा घटक खातात. पण एकाच जातीचा जिवाणू सगळे घटक खात नाही. ही खाण्याची हुन्नर जिवाणूच्या पेशीतल्या प्लास्मिड नावाच्या सुट्या जनुकवलयांत लिहिलेली असते. चक्रवर्तींनी निरनिराळ्या जिवाणूंमधली चार वलये एकाच जिवाणूत आणून नांदवली. एक आचारी चार प्रांतांचा स्वयंपाक शिकावा तसे. १९७२ मध्ये अर्ज केला. पद्धतीचे पेटंट द्यायला तपासनीस तयार होता, पण जिवाणूचे नाही; जिवंत गोष्टीचे पेटंट कसले, म्हणाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा निकालाने चक्रवर्ती जिंकले. फरक जिवंत आणि निर्जीव यांतला नाही, निसर्गाने केलेले आणि माणसाने केलेले यांतला आहे, असे न्यायालयाने धरले. एका मताने साऱ्या जैवतंत्र उद्योगाचे दार उघडले. गंमत अशी की समुद्रावरचे तेल खायला तो जिवाणू काही कुणी सोडला नाही, आणि पेटंटची मालकी अर्थातच कंपनीची. नोकराच्या शोधावर मालकाचे नाव, हा जगाचा रिवाज.

आपल्याकडे असाच प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयात २००२ मध्ये आला. कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरच्या लशीचा. लशीत जिवंत विषाणू आहे म्हणून ती करण्याच्या पद्धतीला पेटंट नाकारले होते. न्यायालय म्हणाले, कायद्यात तशी मनाई कुठेही नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपला १९७० चा कायदा जाणूनबुजून कडक होता. अन्न आणि औषध या वस्तूंवर पेटंट नाहीच. करण्याच्या पद्धतीवर मिळेल, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. इतर यंत्रांना चौदा. पोट आणि दुखणे यांवर कुणाची मक्तेदारी नको, हा त्यामागचा विचार, आणि आपली औषधे जगात स्वस्त राहिली ती त्याच जोरावर. जागतिक व्यापार करारामुळे तो विचार आपल्याला सोडावा लागला. १ जानेवारी २००५ पासून अन्न आणि औषध या वस्तूंवरही पेटंट आले. मला स्वतःला जुना कायदाच बरा वाटे, पण माझे कोण ऐकतो?

अन्नाच्या इतिहासात न घेतलेली पेटंटेही आहेत. डबाबंद अन्नाची युक्ती फ्रान्सच्या निकोला अपेर या हलवायाची. काचेच्या बरणीत पदार्थ भरून, बूच घट्ट मारून ती उकळत्या पाण्यात ठेवायची. सरकारने १८१० मध्ये त्याला बारा हजार फ्रँक देऊ केले, अट एवढीच की सगळे छापून सांगायचे. त्याने छापले. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने डबाबंद अन्नाचे इंग्लंडचे पेटंट घेतले, त्यात पत्र्याचा डबा होता, आणि ते पुढे हजार पौंडांना विकले. अपेर म्हातारपणी गरिबीत गेला.

आता मिस्त्री. मी त्यांना सांगितले ते नियमात अगदी बरोबर होते. अर्जाची पोच म्हणजे पेटंट नव्हे. पेटंट मिळाले तरी ते तारण म्हणून घ्यायचे कसे? थकबाकी झाली तर ते जप्त करून विकत घेणार कोण? त्याची किंमत कोणता व्हॅल्युअर करणार? त्यांनी ऐकून घेतले, पिशवी खिशात घातली आणि गेले. चौथ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. वहिनींनी काउंटरवर पदराखालून रुमाल काढला. पाच तोळ्यांच्या पाटल्या. आमच्या सराफाने कसोटीवर घासून पाहिल्या, तोलल्या, आणि अर्ध्या तासात मी पंधरा हजारांच्या व्हाउचरवर सही केली. पाटल्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही नव्या आहात की जुन्या, तुमच्यापासून उत्पन्न काय येणार, बाजारात तुमची नक्कल निघेल का. वहिनींचे मनगट मात्र मला अजून आठवते. त्यावर पाटल्यांच्या जागी फिक्या कातडीचे दोन वळ होते.

तोवर एमिलीची गोष्ट मी वाचलेली नव्हती. वाचली असती तरी नियम काही बदलणार नव्हता.

माझी बदली १९९९ मध्ये झाली. पुढचे मला कळले ते वीस वर्षांनी, २०१९ च्या फेब्रुवारीत. माझ्या एका कादंबरीवरच्या कार्यक्रमासाठी सांगलीला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक चाळिशीतला माणूस पुढे आला आणि म्हणाला, "काका, मी मिस्त्रींचा मुलगा. बाबा तुमची आठवण काढायचे." मिस्त्री जाऊन तीन वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी तो मला गाडीवर बसवून गावी घेऊन गेला.

पेटंट त्यांना मिळाले होते, अर्ज केल्यानंतर सात वर्षांनी. मिळाल्याचे पत्र आले त्याच्याबरोबर मधल्या वर्षांची साठलेली नूतनीकरणाची फीही आली. पेटंट हे विम्याच्या पॉलिसीसारखे असते, हप्ता चुकला की बाद. पाटल्या तोवर सोडवून आणलेल्या होत्या. त्या या वेळी गहाण ठेवल्या नाहीत, मोडल्याच. दोन-तीन वर्षे फी भरली. मग तीही थांबली. कारण आसपासच्या गावांत तोवर वाफेचे ड्रम दिसू लागले होते. सगळे मिस्त्रींचीच नक्कल होते असे मी म्हणत नाही. वाफेवर शिजवण्याची कल्पना एकट्या माणसाला सुचण्याइतकी अवघड नाही. पण निदान दोघांनी तरी वर्कशॉपमध्ये येऊन मोजमापे घेतली होती. मी मुलाला विचारले, दावा का नाही लावला? जिल्हा न्यायालयात लावता येतो. तो हसला. "बाबा म्हणायचे, ज्याच्यावर दावा लावायचा, तो बेअरिंग बसवायला माझ्याकडेच येतो. गिऱ्हाईकावर दावा कसा लावू?"

२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले होते, तो कागदही त्याने वर्कशॉपमध्ये चिकटवला होता. ते मानांकन कुणा एकाचे नसते, साऱ्या मुलखाचे असते. त्याच्या शेजारी चौकटीत बाबांचे पेटंट, मुदत सरलेले, काचेवर ग्रीसची बोटे. खाली तीन अश्वशक्तीची मोटर हळद पॉलिश करायचा ड्रम फिरवत होती.

वहिनी मागच्या शेतात होत्या. तिथे हळद शिजवण्याचे काम चालू होते; मुलाचाच बॉयलर, मूळ बाबांचा, दोनदा तळ बदललेला. वाफेला ओल्या मातीचा आणि हळदीचा मिळून एक वास येत होता. त्यांनी मला ओळखले. बँकेचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढवला नाही. चहा झाला. मग त्यांनी ड्रमचे झाकण बाजूला करून पदराने एक गरम कंद उचलला, आगपेटीतली काडी काढून त्यात खुपसली, आणि काडी आरपार गेली तशी कंद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघा की साहेब. वरचा काय, खालचा काय, सगळा एकसारखा शिजतो."